झुकत्या मनोऱ्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळाच्या रजिस्टरात मनातलं लिहायला रकाना नाही, म्हणून ही वेगळी वही.

रजिस्टरात मी गेले पाच महिने खरं लिहीत नाहीये. असं लिहिलं की कसं साधं वाटतं! साधं नाही. मनोऱ्यावरच्या घड्याळाची राखण आधी सासऱ्यांकडे होती, मग ह्यांच्याकडे, आणि हे गेल्यावर त्यांच्या जागी माझ्याकडे आली. त्याला एकोणीस वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा एकशे शहाऐंशी पायऱ्या चढायच्या, वजनं वर ओढून घ्यायची, तेल द्यायचं आणि चाल ऐकायची. आम्हा तिघांच्या नोंदींत आजवर एकही खोटा आकडा नव्हता.

मनोरा दक्षिणेकडे झुकलेला आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो आणखी कलला तर ते सगळ्यांच्या आधी घड्याळाला कळतं. लंबकाचा ठोका लंगडायला लागतो. एक लांब, एक आखूड. मग लंबकाच्या वरचा पितळी स्क्रू फिरवून दोन्ही ठोके सारखे करून घ्यायचे आणि किती फिरवला ते लिहून ठेवायचं. सासऱ्यांच्या काळात वर्षाला पाव फेरा पुरायचा. ह्यांच्याही काळात तेवढाच. आता मला दर आठवड्याला पाव फेरा द्यावा लागतो. सप्टेंबरपासून मी तो लिहिणं सोडलं. लिहिलं की कुणीतरी वाचणार, आणि वाचलं की मनोऱ्याकडे बोट दाखवणार.

आज चाल ऐकायला कान पेटीला चिकटवून बसावं लागलं. दक्षिणेच्या अंगाला नव्या बाजार-इमारतीचा खोल खड्डा खणलाय. त्यातलं पाणी उपसणारा पंप गेल्या ऑगस्टपासून रात्रंदिवस घरघरतोय. वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "अगदी माझ्या भावासारखा घोरतो मेला. फक्त ह्याला कुशीवर वळवता येत नाही."

त्यांचा भाऊ म्हणजे आमचे हे. सहा वर्षांनी धाकटे होते त्यांच्याहून. वन्सं आता एकाहत्तरच्या. टेलिफोन ऑफिसात जन्म काढला, लग्न केलं नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. मनोऱ्याच्या पायथ्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नगरपालिकेच्या ऑफिसातून मोजणीचे साहेब आले. पस्तिशीचे असतील. साठ पायऱ्यांवर "छान हवा आहे" म्हणून थांबले, एकशे वीसवर काहीच न म्हणता थांबले. वजनं खाली-वर जायची जी पोकळी आहे तिच्यात त्यांनी वरून ओळंबा सोडला. आता दर पंधरवड्याला मोजणार.

घड्याळाच्या खोलीत शिरताच म्हणाले, "बाई, इथली जमीन तर सपाट आहे!"

मग मी त्यांना सासऱ्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ही जागा म्हणजे बुजवलेलं तळं. पहिला गवंडी म्हणत होता, पाया आणखी खोल घेऊ या. वरच्यांना घाई. दोन मजले चढले आणि दक्षिणेची बाजू वीतभर खचली. ठपका गवंड्यावर आला. त्याला हाकलून दिलं, दारावरच्या दगडातलं त्याचं नावसुद्धा छिनीने खरवडून काढलं. चार वर्षं काम बंद. मग त्याचाच मेव्हणा आला. तोही गवंडीकामच शिकलेला. त्याने वाकडे मजले पाडले नाहीत. त्यांच्यावरच पुढचे तीन असे बांधले की प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा सरळ.

"म्हणजे मनोरा नुसता कललेला नाही, वाकलेला आहे," साहेब म्हणाले. "केळ्यासारखा."

"आमचे सासरे म्हणायचे, पाठीत उसण भरलेला माणूस जसा हळूहळू ताठ होतो तसा."

ते मनापासून हसले. जाताना जुनी रजिस्टरं मागितली. दिली. चालू वर्षाचं मात्र "कपाटाची किल्ली सापडत नाही" म्हणून ठेवून घेतलं. किल्ली माझ्या कमरेला होती.

२ मार्च, रविवार

दुपारी वन्संनी विचारलं, "तुझं काय बिनसलंय? महिनाभर वरणात मीठ नाही."

सगळं सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, म्हणजे गोष्ट गंभीर. मग म्हणाल्या, "दक्षिणेकडे खाली काय आहे?"

"चपला शिवणारे काका. कुलपांचं दुकान. आणि वर मुलींचा शिवणवर्ग."

"किती मुली?"

"बावीस."

"मग मला काय विचारतेस?"

त्या काठी टेकत आत निघून गेल्या. मी भांडी घासत बसले. ती मघाशीच घासून झालेली होती.

४ मार्च, मंगळवार

साहेबांना चालू रजिस्टर दिलं आणि न लिहिलेले सहा महिनेही सांगितले. आकडे मला तोंडपाठ होते. एका कागदावर तारखांसकट लिहून खाली सही केली. वाटलं होतं रागावतील. ते कागदावरून नजरच काढेनात.

"बाई, साठ वर्षांची सलग नोंद! माझ्या ओळंब्याला जे दोन वर्षांत कळलं असतं ते तुमच्या ह्या एका स्क्रूने सांगितलं. असा पुरावा मिळत नाही कुठे."

घरी येताना पाय हलके झाले होते. दुखणं नेमकं कळलं की औषध देता येतं. साहेब म्हणाले, पायाखाली सिमेंटचं पाणी भरता येतं, कमरेला पोलादी पट्टे आवळता येतात. वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पट्टे आवळतील म्हणाले, की आवळता येतात म्हणाले?"

त्यांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

२० मार्च, गुरुवार

मला बैठकीला बोलावलं होतं. ठेवणीतली साडी नेसून गेले. चौदा माणसं, लांब टेबल. मोठ्या साहेबांनी रजिस्टर उघडून माझेच आकडे वाचून दाखवले. मोजणीच्या साहेबांनी भिंतीवर रेघ काढली होती. साठ वर्षं जवळजवळ आडवी, आणि शेवटी एकदम जिन्यासारखी वर.

"म्हणजे वर्षा-दोन वर्षांत धोका," मोठे साहेब म्हणाले. "उतरवून घेणं हाच मार्ग."

मी उभी राहिले. मला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "साहेब, पट्टे... सिमेंट..."

"बाई, नोंदी तुमच्याच आहेत ना?"

"हो."

"खऱ्या आहेत?"

"हो साहेब."

"मग झालं तर."

मोजणीचे साहेब टेबलाकडे बघत होते.

२१ मार्च, शुक्रवार

वर गेले नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

८ एप्रिल, मंगळवार

मनोरा पाडू नये असा अर्ज लिहून आठ दिवस दारोदार हिंडले. सत्तावीस सह्या झाल्या, त्यातल्या दोन वन्संच्या. एक टेलिफोन ऑफिसातल्या त्यांच्या मैत्रिणीच्या नावाने, जी वारली त्याला दहा वर्षं झाली.

चपला शिवणारे काका म्हणाले, "ताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण मी रोज मान वर करून बघतो आणि मगच दुकान उघडतो. सही कशी करू?" शिवणवर्गाच्या बाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, सही दिली नाही. एका मुलीने विचारलं, "घड्याळ बरोबर वेळ दाखवतं का?" म्हटलं, हो, सेकंदावर. तर म्हणाली, "अय्या, मी कधी बघितलंच नाही."

त्या मुलीचं काय चुकलं? मीच सांगितलं सगळ्यांना की तो पडणार आहे. आता मीच म्हणते पाडू नका. मला तरी माझं पटलं असतं का?

६ मे, मंगळवार

पंप बंद झाला. बाजाराच्या तळघराचं काम संपलं म्हणे. सकाळी वर गेले तर इतकी शांतता की खोली चुकल्यासारखं वाटलं. कान न टेकवता, दारातूनच चाल ऐकू आली. रजिस्टरात तेही लिहिलं, "आज पंप बंद." आता मी सगळंच लिहिते. कामाचा काही उपयोग नाही, म्हणून निदान ते नीट तरी करावं.

३० मे, शुक्रवार

तीन आठवडे स्क्रूला हात लावावा लागला नाही. मागच्या महिन्यात मी सगळी चाकं रॉकेलने धुऊन नवं तेल दिलं होतं, त्याचा गुण असणार. आधीच केलं असतं तर! मीच आळस केला, आणि त्या आळसाचे आकडे साहेबांच्या भिंतीवर जाऊन बसले. हे मनातून जात नाही.

१२ जून, गुरुवार

मोजणीचे साहेब आले. ओळंबा सोडला, मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझं रजिस्टर मागितलं. मी म्हटलं, "तेल बदललं ना साहेब, म्हणून ठोका सुधारलाय. मनोऱ्याचं काही खरं नाही."

"तेलाने ओळंबा हलायचा थांबत नाही, बाई."

ते दक्षिणेच्या खिडकीशी गेले. खाली बाजाराची इमारत बरीच वर आली आहे. तिच्याकडे बघता बघता त्यांनी एकदम विचारलं, "पंप कधी बंद झाला?"

"सहा मेला. लिहिलंय की."

"आणि सुरू झाला तो?"

"गेल्या ऑगस्टात."

ते तिथेच पायरीवर बसले. रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "खालची माती तळ्याची. ओली होती तोवर भार पेलत होती. नऊ महिने आपण तिच्यातलं पाणी काढत होतो. एकाच बाजूने." मग म्हणाले, "हे मला दिसायला हवं होतं. माझं कामच आहे ते."

मला एवढंच कळलं की तो थांबलाय. म्हटलं, "म्हणजे आता पाडायला नको ना?"

ते म्हणाले, वरती लिहितो.

वन्संना येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "नऊ महिने आपण दोघी त्या पंपाला शिव्या घालत होतो. बरोबर घालत होतो, फक्त कारण चुकीचं होतं."

३ जुलै, गुरुवार

पाडण्याचा हुकूम निघाला. साहेब स्वतः सांगायला आले. दारातच उभे राहिले, बसले नाहीत.

"बाजाराची इमारत ऑफिसचीच आहे, बाई. पंपाने झालं असं ऑफिसने कसं म्हणायचं? माझा आधीचा अहवाल माझ्याच तोंडावर फेकला. खाली सही कुणाची, म्हणे."

वन्सं आतून ओरडल्या, "चहा तरी घेऊन जा! सही नाही मागत चहावर!"

ते हसले, पण चेहरा रडका होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

घड्याळ मी बंद केलं. ते उतरवायला ऑफिसची माणसं येणार होती दहाला. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा हात नको. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लंबक धरला. एवढं जड लोखंड, हाताला लागताच गप्प झालं. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. यंत्राची चाकं खोक्यांत भरताना कुठलं कशानंतर हे माणसांना सांगत राहिले, कारण ती ढिगात टाकत होती. नंतर कळलं, खोक्यांवर काही लिहिलेलंच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आम्हाला पायथ्याच्या खोल्या सोडायला लावल्या. बदल्यात ऑफिसच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरची खोली. लिफ्ट नाही. वन्संना खुर्चीत बसवून दोन हमालांनी वर नेलं. "राणीसाहेब निघाल्या," म्हणत हात हलवत होत्या. वर पोचल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या त्या संध्याकाळपर्यंत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बघायला जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. वरचे दोन मजले उतरवून झालेत, तिसरा चाललाय. मोजणीच्या साहेबांना तिथे दगड मोजायच्या कामाला लावलंय. मला हाक मारून जवळ बोलावलं.

"हे बघा," म्हणाले. तिसऱ्या मजल्याचे दगड ओळीने मांडून ठेवलेले. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. कुठे एक बोट, कुठे अर्धं. "एकही दगड चौकोनी नाही. प्रत्येक पाचरीसारखा, प्रत्येक वेगळा. आणि आतल्या बाजूला आकडे कोरलेत, कुठला कुठे बसवायचा त्याचे. बाई, हा माणूस वर्षानुवर्षं एकेक दगड वेगळा घडवत बसला होता."

"मेव्हण्याचं नाव राखायला," मी म्हटलं.

"आणि खालचे दोन मजले बघितले मी. सांधे असे की ब्लेडचं पातं जाणार नाही. पहिल्या गवंड्याची काही चूक नव्हती. पायाची खोली त्याच्या हातात नव्हती."

मग हळूच सांगितलं की त्यांनी वरच्या कचेरीकडे परस्पर अर्ज केलाय. खालचे दोन मजले ठेवावेत, आकडे बघून वरचे पुन्हा रचावेत, आणि पंपाची चौकशी व्हावी. "पुरावा म्हणून तुमचं रजिस्टर जोडलंय. चालेल ना? माझ्याकडे दुसरं काही नाही."

"चालेल म्हणजे? त्याचसाठी लिहिलंय ते."

कितीतरी दिवसांनी आज भूक लागली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वन्संच्या छातीत दुखलं. वसाहतीतल्या दोघांना बोलावून खुर्चीतून खाली उतरवलं. दुसऱ्या वळणावर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची भिंतीवर आपटली. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, पण सतत पडून राहून फुप्फुसात कफ साठतोय. चालायला हवं, उन्हात बसायला हवं. परत वर न्यायला हमाल बोलावले, त्यांनी तोंड वाकडं केलं. वन्सं राणीसाहेब म्हणाल्या नाहीत. जिन्यात त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले.

झोपताना म्हणाल्या, "आता मला पुन्हा खाली नेऊ नकोस. जे व्हायचं ते इथेच होऊ दे."

२७ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. ह्या वेळी टेबलाशी आम्ही दोघंच. अगदी मायेने बोलले. वन्संची चौकशी केली. त्यांना सगळं माहीत होतं, खुर्ची आपटली तेसुद्धा.

मग एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझं निवेदन. मी पंपाची नोंद केवळ आवाजाच्या त्रासापोटी केली, पंपाचा मनोऱ्याच्या झुकण्याशी संबंध असल्याचं मला कधीही आढळलं नाही, आणि माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेल्या माहितीनुसार हा कल मूळ गवंड्याच्या सदोष बांधकामामुळे आला आहे.

"एक अर्ज पडलाय वर," म्हणाले. "तुमच्याच रजिस्टरावर उभा आहे. हे निवेदन गेलं की निकाली निघेल." मग दुसऱ्या एका कागदावर टिचकी मारत म्हणाले, "वसाहतीत तळमजल्याची एक खोली रिकामी झालीय. पुढे छोटंसं अंगण आहे. मागणारे खूप आहेत."

मी विचारलं, "मोजणीच्या साहेबांचं काय होईल?"

"ते तरुण आहेत. त्यांना कुठेही पाठवता येतं."

म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, "करा की. खोली शुक्रवारपर्यंत ठेवतो."

३० ऑक्टोबर, गुरुवार

सही केली.

तीन दिवस मनाशी खूप वाद घातला, तो सगळा इथे लिहिणार होते. आता लिहावासा वाटत नाही. पहिल्या ओळीत एका अक्षराची चूक होती. ती मी दुरुस्त करून दिली आणि मग सही केली. कारकुनाने "थँक्यू" म्हटलं.

बाहेर पडताना जिन्यात मोजणीचे साहेब भेटले. हातात फाइल, घाईत. "बाई, वरून पत्र आलंय, अर्जाची दखल घेतलीय!" म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तुम्हाला विचारायला बोलावतील. जे आहे तेच सांगा फक्त."

मी "हो" म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज माझ्या निवेदनावरच निकाली निघाला, मला विचारायला कुणी बोलावलंच नाही. खालचे दोन मजलेही गेले. यंत्राने चार दिवसांत. दगड फोडून बाजाराच्या वाहनतळाखाली भर म्हणून टाकले. मोजणीच्या साहेबांची बदली झाली. जाण्याआधी भेटायला आले नाहीत. यायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही.

७ डिसेंबर, रविवार

नवी खोली चांगली आहे. दारातून दोन पावलांवर ऊन. वन्सं सकाळी काठी घेऊन आपल्या आपण बाहेर जातात, भिंतीला पाठ टेकून बसतात. शेजारच्या आजींशी गट्टी जमली आहे. दोघी मिळून अख्ख्या वसाहतीची उणीदुणी काढतात. खोकला गेला. काल चक्क दोन पोळ्या खाल्ल्या.

आज ऊन खात बसल्या असताना म्हणाल्या, "एवढी छान खोली कशी गं मिळाली आपल्याला? लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात."

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "मोठे साहेब चांगले आहेत, वन्सं."

"असतात गं, असतात काही काही माणसं चांगली," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं.